एक विषय राहिला म्हणून वाट संपत नाही

जामखेड परिसरातील अनेक मुलांसाठी तंत्रनिकेतनाची पदविका ही विद्यापीठाकडे जाणारी पहिली पायरी असते. एका सत्रात गणित राहिले, की घरीदारी ‘आता पदवी विसरा’ असे म्हटले जाते. मग मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो, मुलीचे लग्न जुळवले जाते. हे टळावे म्हणून आम्ही नियम येथे मांडत आहोत.

पदविकाधारकास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या टक्केवारीवर लागते, एकट्या विषयावर नव्हे. राहिलेला विषय एटीकेटीच्या सवलतीने पुढील वर्षात शिकत असतानाही सोडवता येतो. मात्र प्रवेशापूर्वी पदविका पूर्ण उत्तीर्ण हवी. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आधीच करावा. गुण असूनही त्यावाचून जागा हुकते.

१९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. गुणपत्रिका त्या वर्षापुरतीच बोलते, हे त्यातून उमगते. ही वाट चाललेल्या माजी विद्यार्थ्यांनी निकालाच्या दिवसांत अशा एका तरी घरी जावे, एवढीच आमची विनंती आहे.