पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम : एका सहलीची आखणी

पॅरिस, ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅम ही तीन शहरे कुटुंबासह पहिल्यांदाच युरोपला जाणाऱ्यांना विशेष सोयीची. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. मुक्काम जिथे सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे प्रथम उतरायचे तिथे. अर्ज प्रवासाआधी 6 महिन्यांपासून करता येतो आणि उन्हाळी गर्दी पाहता तो लवकर केलेलाच बरा. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

पॅरिसहून ब्रसेल्स वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर, ॲमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत. गाड्या शहरातूनच सुटतात, त्यामुळे मुले व वृद्ध यांच्यासाठी विमानापेक्षा रेल्वे कितीतरी सुखाची. तिकिटे जसजशी उशिरा घ्यावीत तसतशी महागतात.

मुक्कामाचे दिवस ठरवताना संग्रहालयांच्या वेळा आधी पाहाव्यात. लूव्र मंगळवारी बंद असते. 18 वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश मोफत. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि झपाट्याने संपतात. ब्रसेल्सचा ग्राँ प्लास चौक मात्र तिकिटाविना, कोणत्याही वेळी पाहता येतो.