पाळीचे पाणी आणि मनाचा कौल

बरेवाईट ओळखणारी सदसद्विवेकबुद्धी माणसात उपजत असते की संस्कारांनी घडते, हा प्रश्न लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणात विस्ताराने हाताळला आहे. आधिदैवतपक्ष, म्हणजे योग्यायोग्य सांगणारी एक स्वतंत्र देवताच मनात वसते असे मानणारे मत, त्यांना पटले नाही. सारासार पाहून निर्णय करणारी बुद्धी एकच असून ती जितकी शुद्ध आणि सुसंस्कृत, तितकाच तिचा कौल भरवशाचा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे तत्त्वज्ञान कसाला लावायचे, तर बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांइतकी सोयीची जागा नाही. येथे उसाला पाणी शेजपाळीने, म्हणजे एकामागून एका शेतकऱ्याला ठरलेल्या वेळेपुरते मिळते. पाळी रात्री आली, तर बॅटरी आणि खोरे घेऊन दारे धरावी लागतात. उन्हाळ्यात आवर्तन लांबते, उसाची पाने सुरळी होऊ लागतात आणि पाटकरी प्रत्येक चारीवर उभा राहू शकत नाही. अशा वेळी शेजाऱ्याचे दारे फोडू न देणारी गोष्ट दंडाची भीती असेल तर तो कायदा झाला आणि पारावरच्या चर्चेची असेल तर ती लोकलाज झाली. दोन्ही वजा जाता मनाला जी टोचणी उरते, तीच खरी सदसद्विवेकबुद्धी.

गंमत अशी, की शेजाऱ्याच्या पाळीला हात न लावणारा तोच सज्जन गृहस्थ कालव्यात रात्री सायफनचा पाइप टाकताना फारसा कचरत नाही, कारण ते पाणी त्याच्या लेखी ‘सरकारचे’ असते. प्रत्यक्षात ते खाली इंदापूर तालुक्यातील कोणाच्या तरी पाळीचे असते. पण त्याचा चेहरा ओळखीचा नसल्याने टोचणी तिथवर पोचत नाही. बुद्धीच्या जडणघडणीविषयी टिळकांनी मांडलेल्या विचाराला याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल, कारण मनात स्वतंत्र देवता असती, तर तिने ओळखीच्या आणि अनोळखी पाण्यात भेद केला नसता.

महाराष्ट्राच्या 2005 सालच्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची आणि वाटप शेतकऱ्यांच्याच हाती सोपवण्याची तरतूद केली, तिचे नैतिक महत्त्व यातच आहे: मोजून घेतलेल्या पाण्यातले चोरलेले पाणी सरकारचे राहत नाही, ते संस्थेतल्या नावागावाच्या सभासदाचे ठरते.