बोट का लागते?

शाळेची सहल गेटवेवरून कॅटामरानने मांडव्याला जाणार, अशी सूचना वर्गात वाचली की आनंदाच्या आरोळ्या उठतात आणि काही चेहरे मात्र पडतात. काळाचौकी, लालबाग, परळ या भागांतील घरांत तर ही भीती जुनी आहे. गिरण्यांत काम करणारे कोकणातले चाकरमानी एके काळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जात. त्या प्रवासातल्या ओकाऱ्यांच्या गोष्टी नातवंडांपर्यंत पोचलेल्या असतात. मग एखादा विद्यार्थी ‘घरी काम आहे’ असे सांगून सहलीतून नाव काढून घेतो. खरी भीती चारचौघांत फजिती होण्याची असते. ती हसण्यावारी नेऊन जात नाही. कारण समजले तर मात्र बरीच कमी होते.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रवामुळे ते मेंदूला कळते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. वर-खाली किंवा पुढे-मागे होणारी हालचाल आणि डोक्याचा कल त्यांच्यामुळे समजतो. नलिकांचे कार्य वर्गात दाखवता येईल. पेलाभर पाण्यावर थोडा लाकडाचा भुसा टाका आणि पेला चटकन फिरवा. पेला फिरतो, भुसा जवळजवळ जागीच राहतो. काही वेळ फिरवून पेला एकदम थांबवला, तर पाणी फिरतच राहते. जडत्वाचा हाच नियम नलिकांतील द्रवालाही लागू आहे.

आता बोटीच्या बंद कक्षात बसलेल्या मुलाचा विचार करू. समोरची खुर्ची, भिंत, हातातले पुस्तक, सारे स्थिर दिसते. डोळे सांगतात ‘आपण स्थिर आहोत’, कान सांगतो ‘आपण हलतो आहोत’. मेंदूच्या नेहमीच्या अनुभवाशी हे जुळत नाही. या विसंगतीतून जांभया, घाम, मळमळ सुरू होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ज्यांच्या दोन्ही अंतर्कर्णांचे हे कार्य पूर्ण थांबलेले असते, त्यांना बोट लागत नाही. म्हणजे मूळ दोष पोटाचा नाही आणि मनाच्या दुबळेपणाचा तर नाहीच. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून फिरलेल्या डार्विनलाही बोट लागतच असे.

कॅटामरान हा शब्द तमिळमधील ‘कट्टुमरम’वरून आला, अर्थ, बांधलेली लाकडे. आजची कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर एकच डेक बसवल्यासारखी बांधणी. रुंदीमुळे ती डावी-उजवीकडे कमी कलते. पण लाटेबरोबर वर-खाली होणे टळत नाही आणि सुमारे ५ सेकंदांना एक या गतीचे हेलकावे सर्वांत त्रासदायक ठरतात.

यावरून उपाय सुचतात. मांडव्याचा प्रवास सुमारे तासाभराचा. ज्यांना भीती वाटते त्यांना बोटीच्या मध्यभागी, जिथून क्षितिज दिसेल अशा मोकळ्या जागी बसवावे; टोकाला हेलकावे जास्त जाणवतात. नजर दूरच्या किनाऱ्यावर ठेवली की डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते. पुस्तक, मोबाइल बंद ठेवावा. निघण्यापूर्वी हलके खावे. उपाशी राहू नये, तळकटही नको. दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यांचा जोर वाढतो, म्हणून परतीची बोट लवकरची निवडावी. औषध घ्यायचे तर पालकांनी डॉक्टरांना विचारून, प्रवासाआधीच द्यावे. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यातील बऱ्याच औषधांनी झोप येते, हे शिक्षकांना ठाऊक असावे.

‘आपल्याला लागणारच’ या धास्तीनेही त्रास वाढतो. म्हणून ‘कोणाकोणाला लागते?’ असे वर्गात हात वर करायला लावू नये. पिशव्या गाजावाजा न करता शिक्षकांनी जवळ ठेवाव्यात. भिणाऱ्या मुलांना काम द्यावे: दर ५ मिनिटांनी दिसणाऱ्या खुणा टिपण्यासाठी एकाने दूर पाहावे, शेजाऱ्याने लिहावे. पाहणाऱ्याचे डोळे आपोआप क्षितिजावर राहतात. इतके करूनही एखाद्याला उलटी झाली, तर पाणी द्यावे, शेजारी बसावे आणि इतरांना म्हणावे, ‘याचे कान नीट काम करत आहेत.’