पाठीमागे धावणारा माणूस

दिवाळी अंकासाठी अंगमेहनतीच्या धंद्यांवर लेखमाला करायची असं संपादकांनी ठरवलं आणि माझ्या वाट्याला आला आइस हॉकीतला व्यावसायिक बचावपटू. बेळगावच्या खासबागेत बसून बर्फावरच्या खेळावर लिहायचं म्हणजे जरा लांबचाच पल्ला. पण हॉकी बेळगावला परकी नाही. १९६४ साली टोकियोत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात आपले बंडू पाटील होते. चाकांच्या स्केट्सचं वेडही इथं भरपूर आहे. संध्याकाळी रिंकवर गेलं की हेल्मेट घातलेली पाच-सहा वर्षांची पोरं भिरभिरत असतात. आणि कुस्तीचं तर विचारायलाच नको. आनंदवाडीत मैदान भरलं की आमच्या गल्लीतली माणसं माग बंद करून निघतात. म्हणूनच असेल, वाचता वाचता मी अडकलो तो एका पैलवानाच्या पोरापाशी.

झ्देनो चारा. जन्म १९७७ चा, गाव त्रेंचीन, आजच्या स्लोवाकियात. वडील झ्देन्येक चारा ग्रीको-रोमन पद्धतीचे मल्ल. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून खेळलेले. मुलगा वाढत वाढत सहा फूट नऊ इंचांवर गेला. एवढ्या उंच पोरानं हॉकी सोडून बास्केटबॉल धरावा, असं सांगणारे भेटले. त्यानं ऐकलं नाही. १९९६ साली उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधल्या न्यूयॉर्क आयलँडर्स संघानं त्याला निवडलं, तेही छप्पन्नाव्या क्रमांकावर, म्हणजे फार मोठी आशा ठेवून नव्हे. आधी कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज गावी किशोरांच्या संघात एक हंगाम, मग लीगच्या खालच्या पायरीवर उमेदवारी. पुढे ओटावा, आणि २००६ पासून बोस्टन. २००९ साली सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक, २०११ साली कप्तान म्हणून लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप. २०२२ साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर १६८० सामने होते. एवढे सामने दुसरा कुठलाही बचावपटू खेळलेला नाही.

हे सगळं मी आमच्या तालमीतल्या जुन्या वस्तादांना सांगितलं. पदकांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘पंचेचाळीस वर्षं? मग गुडघं कसं राहिलं म्हणायचं त्याचं?’’ चाळिशीच्या आसपास त्यानं मांस-दूध सोडलं आणि डाळी-भाज्यांवर आला, हे सांगितल्यावर मात्र त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

गुडघ्यांचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. बचावपटूची सारी कमाई गुडघे वाकवून मागे जाण्याची आहे. मैदान दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद. भोवती लाकूड-प्लास्टिकच्या भिंती, वर काच. एका बाजूचे सहा खेळाडू: गोलरक्षक, तीन आघाडीचे, दोन बचावाचे. आघाडीचा खेळाडू पक घेऊन सुसाट येतो. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, जास्तीत जास्त १७० ग्रॅमची. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. बचावपटूनं त्या येणाऱ्याकडे तोंड ठेवायचं आणि जवळपास तेवढ्याच वेगानं पाठीमागे जायचं. पाठ फिरवली की संपलं.

हे कसं जमतं ते पाहायला मी इथल्याच रिंकवर गेलो. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला म्हटलं, बाळ, उलटं जाऊन दाखव. तिनं गुडघे वाकवले, बैठक मारल्यासारखी खाली गेली, छाती वर ठेवली. मग एका पायाची टाच बाहेर ढकलून अर्धगोल काढत पाय परत आत आणला, लगेच दुसरा. पाय जमिनीवरून उचललाच नाही. डोकं एका उंचीवर स्थिर, खाली दोन्ही पाय आळीपाळीनं अर्धचंद्र काढताहेत. चारच रेट्यांत ती रिंकच्या पल्याड पोचली. सिमेंटवर तिच्याकडे चाकं होती. बर्फावर असते पोलादाची पाती, जाडीला तीनएक मिलिमीटर. पण ती खालून सपाट नसते. दगडावर घासून मधोमध बारीक खाच पाडलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. लांबीलाही पातं किंचित गोलाई घेतलेलं, म्हणजे एका वेळी त्याचा थोडासाच भाग बर्फाला टेकतो. खाच खोल घासली तर बर्फावर पकड घट्ट बसते पण वेग मरतो. उथळ ठेवली तर घसरण छान, वळताना मात्र पाय सुटतो. प्रत्येक खेळाडूचा हिशेब वेगळा, आणि संघाबरोबर पाती घासून देणारा माणूस कायमचा असतो. त्या माणसाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, याची मला खंत वाटते.

मागे जाताना सांभाळायचं ते अंतर. समोरच्यापासून काठीभर, फार तर दोन काठ्या. अंतर वाढलं तर त्याला नेम धरायला सवड मिळते, कमी झालं तर एका हुलीत तो बाजूनं निसटतो. कबड्डीत कोपरारक्षक चढाई करणाऱ्याला आत येऊ देतो, पण मोकळं कधी सोडत नाही, तसंच हे. नजर पकवर ठेवायची नाही, समोरच्याच्या छातीवर ठेवायची. काठी आणि हात फसवतात, धड फसवत नाही. काठीचं टोक बर्फावर टेकवून मधली वाट बंद करायची आणि त्याला हळूहळू भिंतीकडे न्यायचं. तिथं भिंत हाच दुसरा बचावपटू. चाराची काठी पासष्ट इंच लांब होती. नियमानं त्रेसष्टच चालते, पण फार उंच खेळाडूंना तेवढी सवलत मिळते. हात आणि काठी मिळून त्याच्या आवाक्यातून वाट काढणं भल्याभल्यांना जमलं नाही. वर त्याचा फटका: लीगच्या २०१२ च्या कौशल्य स्पर्धेत ताशी १७५ किलोमीटर मोजला गेला, लीगमधला विक्रम.

ही मेहनत एका दमात पाऊण मिनिटाची असते. पंचेचाळीस सेकंद जीव तोडून खेळायचं, मग उडी मारून बाकावर, दुसरी जोडी आत. संघात अशा तीन जोड्या. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या जोडीला पंचवीसच्या आसपास मिनिटं मिळतात, आणि हंगामात सामने ब्याऐंशी. शिवाय समोरून आलेला फटका गुडघा टेकून स्वतःच्या अंगावर घेणं हेही बचावपटूचंच काम. २०१० मध्ये शिकागोच्या डंकन कीथचे पक लागून सात दात गेले. त्याच सामन्यात तो परत मैदानात आला. २०१९ च्या अंतिम फेरीतल्या चौथ्या सामन्यात चाराचा जबडा मोडला. पाचव्या सामन्याला तो तोंडावर पूर्ण संरक्षक कवच लावून उतरला आणि बोस्टनचं सगळं मैदान उभं राहिलं. मी ते चित्रण कितीतरी वेळा पाहिलं. पहिल्यांदा ऊर भरून आला. नंतर नंतर काळजी वाटायला लागली.

कारण प्रत्येकाचं शरीर चाराचं नसतं. बोस्टनच्याच बॉबी ऑरनं १९६८ ते १९७५ सलग आठ वर्षं नॉरिस करंडक जिंकला. बचावपटूनं पुढं जाऊन गोल करायचे, हे जगाला त्यानं शिकवलं. दोनदा तर साऱ्या लीगमध्ये गुणांत पहिला आला. पण डावा गुडघा पुन्हा पुन्हा कापावा लागला. तीस वर्षांचा असताना, १९७८ मध्ये, ६५७ सामन्यांवर त्याचा खेळ संपला. वस्तादांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

गुडघा निदान दिसतो, दुखतो. डोक्याचं तसं नाही. बचावपटू कोपऱ्यातली पक काढायला भिंतीकडे जातो तेव्हा पाठीमागून कुणीतरी पूर्ण वेगानं येत असतं, आणि कधी तो स्वतःच दुसऱ्यावर आदळतो. मार्च २०११ मध्ये चाराच्या धडकेनं माँट्रियलचा मॅक्स पाचोरेटी काचेच्या खांबावर आपटला. मेंदूला धक्का बसला, मानेचा मणका मोडला. तो वाचला, पुढं बरीच वर्षं खेळलाही. स्टीव्ह माँटाडोर वाचला नाही. ५७१ सामने खेळलेला हा बचावपटू फेब्रुवारी २०१५ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला आणि तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. हा आजार जिवंतपणी खात्रीनं ओळखता येत नाही. हॉकी आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या प्रमुखांनी मान्य केलेला नाही. २०१८ मध्ये ३१८ माजी खेळाडूंशी सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांची तडजोड झाली. त्यातही लीगनं दोष कबूल केला नाही. वाटणी केली तर माणशी साठ हजार डॉलरही येत नाहीत. ज्या धंद्यात एकेका बचावपटूला वर्षाला लाखो डॉलर मिळतात, तिथं ही रक्कम मला लाजिरवाणी वाटते.

आपल्याकडे हा धंदा अजून झालेलाच नाही. भारतात आइस हॉकीची संघटना १९८९ ची, आणि खेळ मुख्यतः लडाखमध्ये, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर, वर्षातले दोनएक महिने. लष्कर किंवा आयटीबीपीच्या संघातल्या खेळाडूला पगार मिळतो तो नोकरीचा. मुलींचा राष्ट्रीय संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा परदेशी उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकाचं कांस्यपदक आणलं. बर्फ वर्षभर हाताशी नसताना!

उलटं जाऊन दाखवणाऱ्या त्या मुलीला बर्फावर खेळायचं आहे, असं तिचे वडील म्हणाले. बेळगावच्या पोरांना चाकांवरून पात्यांवर जायला फार वेळ लागू नये. बैठक तयार आहे. मुलींच्या खेळात अंगावर धडक मारण्याची मुभा नसल्यानं तिची मला तेवढी चिंता नाही. मुलांची आहे. अमेरिकेत २०११ पासून आणि कॅनडात २०१३ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना धडक मारू देत नाहीत. त्या वयात शिकवायचं ते पात्याच्या दोन धारांवर उभं राहणं, अंतर राखणं, काठीनं वाट अडवणं. आपल्याकडे कृत्रिम बर्फाची मैदानं वाढतील तेव्हा धडकबंदीचा हा नियम पहिल्या दिवसापासून लागू असावा, आणि तो संघटनेनं आत्ताच, मैदानं बांधायच्या आधी, लिहून ठेवावा.