घरी बनवलेला फेजर ‘फिरत’ नसेल तर

गिटारचा आवाज स्वच्छ येतो, पण फेजरची संथ लाट ऐकू येत नाही. १९७४ च्या ‘एमएक्सआर फेज ९०’च्या धर्तीवर घरी पेडल बांधणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार.

या सर्किटमध्ये चार टप्पे आवाजाची कला (फेज) सरकवतात. प्रत्येक टप्प्यातला जेफेट ट्रान्झिस्टर बदलत्या रेझिस्टरसारखा वागतो आणि त्या चौघांना एक संथ ऑसिलेटर हलवतो. म्हणून तपासणी उलट क्रमाने, ऑसिलेटरपासून करावी.

आधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ऑसिलेटरच्या ऑपॅम्पचा आउटपुट मोजा. आकडा सावकाश वर-खाली होत नसेल, तर कपॅसिटरची दिशा, स्पीड पॉटच्या वायरी आणि कच्चे सोल्डर तपासा.

आकडा हलत असेल, तर बायसचा ट्रिमपॉट अगदी हळू फिरवा. जेफेट ठरावीक बायसवरच काम करतात. तो पट्टा अरुंद असल्याने घाईत निसटतो.

तरीही लाट नसेल, तर जेफेटचे पाय डेटाशीटशी ताडून पाहा. चौघांचे पिंच-ऑफ व्होल्टेज जुळणारे हवे. जेफेट मोजूनच बसवा.