काचेची फळी, भिंतीची पकड

बाथरूममधलं काचेचं शेल्फ कधी मध्यरात्री धाडकन खाली आलं, की घरातले सगळे काचेलाच दोष देतात. तुकडे गोळा करताना भिंतीकडे नजर गेली तर खरा प्रकार कळतो. ब्रॅकेट एका बाजूला लोंबतंय, स्क्रूला गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) अडकलेली आहे आणि भोकातून भुसभुशीत प्लास्टर गळतंय. ८ मिलिमीटरची चांगली काच चार बाटल्या, साबणदाणी सहज पेलते. हात सोडते ती भिंत, आणि तीही बहुतेक वेळा तिच्यात चुकीची गिट्टी ठोकल्यामुळे.

आधी वजनाचा हिशेब करू. एक चौरस मीटर काच जितके मिलिमीटर जाड, तितके अडीच-अडीच किलो तिचं वजन. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड फळी भरते १.८ किलो. त्यावर सहा किलो सामान धरलं, तर दोन ब्रॅकेटांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार किलो येतात. पण हे चार किलो भिंतीला चिकटून खाली ओढत नाहीत. भिंतीपासून सरासरी साडेसात सेंटिमीटर पुढे बसून ओढतात. डब्याचं घट्ट झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटावं, तसं ब्रॅकेट आपल्या खालच्या कडेवर टेकून वरचा स्क्रू बाहेर उपसायला बघतं. स्क्रू त्या कडेपासून अडीच सेंटिमीटर वर असेल, तर चार किलोचे बारा किलो होतात. तेच सामान ३० सेंटिमीटर रुंद फळीवर पसरून ठेवलं, तर चोवीसच्याही वर, कारण काचही दुप्पट जड होते. म्हणून भिंतीबद्दल खात्री नसेल तर फळी लांब घ्या, रुंद नको. ब्रॅकेटही उभं, उंच पाठीचं निवडा. दिसायला नाजूक, बटणाएवढ्या पाठीची ब्रॅकेटं दुकानात फार विकली जातात, पण मला ती पटत नाहीत.

आता भिंत. वरून रंग सगळ्यांचा सारखाच असतो, पण ड्रिलमधून पडणारी भुकटी खोटं बोलत नाही. सुरुवातीचे दीड-दोन सेंटिमीटर प्लास्टरच निघतं, सिमेंटचं असेल तर करडं, जिप्समचं असेल तर पांढरं. ते मोजायचंच नाही. त्यापुढे लाल भुकटी आली तर भाजकी वीट. करडी भुकटी आणि ड्रिल अडून थरथरतंय, तर काँक्रीट. पांढुरकी भुकटी सरसर येतेय आणि बिट आपोआप आत शिरतंय, तर एएसी ब्लॉक, म्हणजे आपल्याकडे मिस्त्री ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात तो. आणि सेंटिमीटरभर जाऊन बिट एकदम पोकळीत गेलं, तर ती भिंत नव्हे, जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आहे.

विटेची भिंत सगळ्यांत समजूतदार. तिथे चूक होते ती एकच: गिट्टी प्लास्टरमध्येच राहते. स्क्रू पिळला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते; पकड येते ती या दाबातून. प्लास्टर हा दाब सहन करत नाही, फुटून निघतं. ४० मिलिमीटर लांबीची आठ नंबरची गिट्टी घेतली, प्लास्टर २० मिलिमीटर धरलं आणि मागे भुकटीसाठी १० मिलिमीटर जागा सोडली, तर भोक ७० मिलिमीटर खोल हवं. बिटला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. भोक फुंकून साफ करा (डोळे मिटून), आणि गिट्टी हलकेच ठोकत प्लास्टरच्या पलीकडे विटेत सरकवा. स्क्रूही तेवढाच लांब हवा, त्याचं टोक गिट्टीच्या शेवटापर्यंत पोचलं पाहिजे. ब्रॅकेटच्या पुडीत मिळणारे इंचभर स्क्रू सरळ बाजूला ठेवा. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रूही नकोत, ते ठिसूळ असतात आणि आडव्या भाराने मान टाकतात.

या गिट्टीला अजूनही ‘रावल प्लग’ म्हणतात, ते जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदारामुळे. १९११च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेची उपकरणं बसवायची होती, तेव्हा त्याने तागाच्या धाग्यांची नळी वापरली. आजची नायलॉनची फुगणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशरची, १९५८ सालची.

काँक्रीटमध्ये पकडीची चिंता नाही, चिंता असते भोक पाडण्याची. हॅमर ड्रिलच हवं. मधेच बिट अडलं आणि आवाज किणकिणता झाला, तर समोर सळई आहे. जोर लावू नका, दोन इंच सरका. हल्लीच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि विजेच्या नळ्या त्यात आधीच गाडलेल्या असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर भोक पाडू नये, हा नियम सगळ्याच भिंतींना लागू.

एएसी ब्लॉकने मात्र अनेकांना फसवलंय. हा ब्लॉक इतका हलका, की पाण्यावर तरंगतो. आत बारीक हवेचे कप्पेच कप्पे. हॅमर चालू ठेवून भोक पाडलं की आतले कप्पे चुरडतात आणि आठचं भोक दहाचं होतं. हॅमर बंद करा, नुसतं फिरवा, आणि बिट गिट्टीपेक्षा एक नंबर लहान घ्या. साधी गिट्टी इथे फुगली तर भिंतच दाबून मऊ करते. एएसीसाठी वेगळी, रुंद पात्यांची किंवा आटे असलेली लांब गिट्टी मिळते, ती मागून घ्या. दुकानदार ‘तेच चालतं’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. रुंद फळी टांगायची असेल तर केमिकल अँकर लावा: भोकात रसायन भरायचं, दांडा खुपसायचा, आणि डब्यावर लिहिलेली वेळ संपेपर्यंत हात लावायचा नाही. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यालाही हाच उपाय. चिरा टणक दिसतो, पण त्याच्या छिद्रांमुळे भोक वेडंवाकडं होतं आणि गिट्टीला सगळीकडून धरता येत नाही.

जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर काचेचं शेल्फ नुसत्या बोर्डाच्या भरवशावर लावूच नये, फुलपाखरी गिट्टी वापरूनही नाही. आतले पत्र्याचे उभे चॅनेल साधारण दोन-दोन फुटांवर असतात. लोहचुंबक फिरवून त्यांचे स्क्रू सापडतात, ब्रॅकेट तिथेच येऊ द्या. घराचं काम अजून चालू असेल, तर बोर्ड बंद करण्याआधी सुताराकडून आत प्लायची पट्टी मारून घ्या. आणि मातीत रचलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला भोकं पाडत बसण्यापेक्षा कोनाड्यात काच आडवी टाकलेली बरी. तिथे उचकटण्याचा प्रश्नच नाही.

बाथरूममध्ये भिंतीच्या आधी टाइल येते. बोटाच्या पेराने वाजवून पाहा. पोकळ वाजली तर ती टाइल सोडा. खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, काच-टाइलचं भाल्यासारखं बिट लावा, हॅमर बंद, वेग कमी. टाइल पार झाल्यावरच साधं बिट घ्या. गिट्टीचं तोंड टाइलच्या जाडीतच राहिलं तर फुगताना टाइल तडकते, म्हणून ती पूर्ण मागे ढकला. भोकात सिलिकॉनचा थेंब सोडा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या.

काच टफनच घ्या, फुटली तर तिचे मोठे धारदार सुळे होत नाहीत. पण टफन केल्यावर ती कापता किंवा तिला भोक पाडता येत नाही, म्हणून माप, भोकं आणि कडांचं पॉलिश आधी. टफन काच साध्या काचेच्या चौपट भक्कम, तरी वाकते मात्र तितकीच. कमी वाकायला हवी असेल तर जाडी वाढवा. आठाची दहा केली की काच जवळपास दुप्पट ताठ होते.

दुसरं ब्रॅकेट पाणसळ लावूनच खुणा करा. टाइलच्या रेषेवर विसंबू नका. काच सरकवण्याआधी प्रत्येक ब्रॅकेटला पाच किलो तांदळाची पिशवी अर्धा तास अडकवून ठेवा. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यात वरच्या बाजूने कागद शिरायला लागला, तर गिट्टी सरकतेय. त्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. एक नंबर मोठी, लांब गिट्टी घाला किंवा तिथे केमिकल अँकर लावा. ब्रॅकेट ठाम राहिलं, की रबर नीट बसवून, धातू काचेला कुठेच टेकत नाही हे पाहून काच आत घाला आणि वरचा छोटा स्क्रू नुसत्या बोटांनी आवळून त्यावर फक्त पाव फेरा द्या.