संगणकावरील चावडी

कंपनीने कोणती तत्त्वे पाळावीत, हा प्रश्न आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने जुलै २००३ मध्ये आपल्या देशोदेशींच्या नोकरवर्गापुढे ठेवला. संगणकाच्या जाळ्यावर ७२ तास जणू चावडीच भरली. प्रारंभी कटू तक्रारींचाच वर्षाव झाला. एका वरिष्ठ अधिकाऱ्याला तर चर्चा बंद करावीशी वाटली. प्रमुख सॅम पामिसानो ह्यांनी ते मानले नाही. उलट ते स्वतःच चर्चेत उतरले. (वाचकहो, वरिष्ठाने चारचौघांत निंदा ऐकून घेणे सोपे नव्हे!) हळूहळू सूर पालटला. नोव्हेंबरात तीन तत्त्वे जाहीर झाली; परस्परविश्वास व वैयक्तिक जबाबदारी हे त्यांतील एक. पुढे कनिष्ठ व्यवस्थापकांना, वरिष्ठांची परवानगी न मागता, वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा मिळाली, सहकाऱ्याच्या अडीअडचणीसाठीसुद्धा.